स्वमग्न मुलांचा मान

हाकेला ओ न देणारे, नजर चुकविणारे, गलबल्याने कान झाकून घेणारे मूल दिसले की आपण त्याला ‘वेडे’ ठरवितो आणि दोष आईच्या पदरात घालतो. स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे. ती मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता आहे. तीत आईची कसूर काय?

दिव्यांग हक्क कायद्यात (२०१६) स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. कलम ३ सन्मानाने जगण्याचा हक्क देते. दिव्यांगाचा चारचौघांत हेतुपुरस्सर पाणउतारा करणाऱ्यास कलम ९२ ने किमान सहा महिन्यांचा कारावास सांगितला आहे. परंतु अपमान घडतो तो शाळेच्या ओसरीवर, लग्नाच्या मांडवात. तेथे कोणी फिर्यादीस जात नाही. तेथे लोकांची रीतच बदलली पाहिजे.

परकीय जाचाविरुद्ध वसईची मोहीम (१७३७-३९) उभी करण्यात ज्यांचा वाटा होता, त्या गंगाजी नाईकांचे गाव भिवंडी तालुक्यातील अंजूर. मानाची किंमत जाणणाऱ्या अशा गावांनी हा पायंडा पाडावा, असे आम्हांस वाटते. शिक्षकाने स्वमग्न मुलास वर्गात जागा द्यावी, शेजाऱ्याने त्याला त्याच्या नावाने हाक मारावी, आणि त्याच्या देखत त्याच्याविषयी वाटेल ते बोलू नये. जे मूल बोलत नाही, त्यालाही आपले बोलणे लागते.