मेथाडोन केंद्रांना चुकीचा प्रश्न विचारू नका

प्रति,
मा. महासंचालक,
राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको), नवी दिल्ली



गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) व्यसनावर मेथाडोन देणाऱ्या केंद्रांचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती जणांचं औषधसुद्धा सुटलं? सभेत पुढारी विचारतात, वस्तीत शेजारी विचारतात, रुग्णाची आईही विचारते. आईचं विचारणं मी समजू शकतो. पण सरकारी मूल्यमापनाने यशाचं माप म्हणून हाच प्रश्न धरला, तर त्यात माणसं दगावतील. म्हणून हे जाहीर पत्र.

डॉ. व्हिन्सेंट डोल आणि डॉ. मेरी निस्वांडर यांनी न्यूयॉर्कमध्ये १९६५ साली या उपचाराचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेने २००५मध्ये मेथाडोनला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. आपल्याकडे ते उशिरा आलं. सुरुवातीच्या पाच ठिकाणांत परळचं केईएम रुग्णालय होतं.

उपचार दिसायला अगदी साधा. परिचारिका पातळ औषध मोजून देते. माणूस तिच्यासमोर ते पितो, वर घोटभर पाणी पितो आणि दोन शब्द बोलतो. बोलला म्हणजे औषध पोटात गेलं. डोस नीट बसला असेल तर पुढचे चोवीस तास टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याने होणारी तडफड, लागत नाही. नशाही चढत नाही. सकाळी डोळे उघडल्याबरोबर पुडीसाठी पैसे कुठून आणायचे, ही वणवण थांबते. सुई थांबली की एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीचा धोकाही घटतो.

आता मृत्यूंचं पाहा. परदेशांतल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. मेथाडोन चालू असताना दर हजारी वर्षाला सुमारे ११ मृत्यू, उपचार सुटल्यावर सुमारे ३६. त्यातही सुटल्यानंतरचे पहिले चार आठवडे सर्वांत वाईट. कारण उघड आहे : शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस जुन्याच मापाने गर्द घेतो. श्वास बंद पडतो. आकडा दाखवण्यासाठी घाईने डोस उतरवून ज्याला 'बरा झाला' म्हणून घरी पाठवलं, तो नेमका याच चार आठवड्यांत ढकलला जातो.

मेथाडोन निर्धोक आहे, असं मी म्हणत नाही. पहिल्या दिवसांत डोस झपाट्याने वाढवला किंवा वर दारू, झोपेच्या गोळ्या घेतल्या, तर तेही जीव घेतं. काहींच्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते. म्हणून मूल्यमापन कडकच हवं. वर्षभरानंतर किती जण उपचारात टिकले, हे विचारा. डोस पुरेसा होता का, हेही विचारा, कारण साठ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून वर डोस मिळालेले रुग्ण जास्त टिकतात, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. कमी डोस म्हणजे जास्त सुधारणा, हा समज मोडायलाच हवा.

आणि केंद्राची वेळ विचारा. मजूर सकाळी आठला नाक्यावर उभा नसेल तर त्याची त्या दिवसाची रोजी जाते. केंद्र दहाला उघडत असेल, तर औषध की भाकरी हे त्याला रोज ठरवावं लागतं. अशा माणसाच्या नावापुढे 'पाठपुरावा सोडला' असा शेरा पडतो, तेव्हा दोष त्याचा नसतो.

अनिल अवचटांच्या 'गर्द' या पुस्तकाने महाराष्ट्राला या दुःखाची ओळख करून दिली आणि १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. पूर्ण व्यसनमुक्तीच्या त्या वाटेने असंख्य घरं सावरली. तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण जो पुन्हापुन्हा घसरतो, त्याच्यासाठीही एक दार उघडं राहिलं पाहिजे. अफूजन्य पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक देशात असल्याचं केंद्र सरकारचा २०१९चा अहवालच सांगतो.

माझी मागणी एवढीच : औषध सोडून गेलेल्यांची संख्या यशात धरू नका. त्यांतल्या किती जणांची केंद्राने पहिल्या महिन्यात घरी जाऊन चौकशी केली आणि किती जण जिवंत आहेत, हे प्रत्येक केंद्राला विचारा आणि उत्तरं जाहीर करा.

आपला,
मुंबईतील एक व्यसनोपचार कार्यकर्ता