बांबूचे मोजे आणि इतर भाकडकथा

परवा दुकानात माझ्यापुढे 'बांबूचे मोजे' आले. पाकिटावर हिरवं पान, पानावर दवबिंदू. बारीक अक्षरांत मात्र लिहिलेलं: व्हिस्कोस. म्हणजे आपल्या आजीचं आर्ट सिल्कच की! (त्यातलं 'आर्ट' म्हणजे कला नव्हे, 'आर्टिफिशियल'चं शेपूट छाटलेलं.) क्रॉस, बेव्हन आणि बीडल या इंग्रज त्रिमूर्तीने 1892 साली पेटंट घेतलेली ही चीज आता पर्यावरणाचा अवतार धारण करून आली आहे.

कृती ऐका. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवा, त्याला कार्बन डायसल्फाइड पाजा, मधासारखा झालेला पाक बारीक छिद्रांतून सल्फ्युरिक आम्लात सोडा. शेवयाच! फक्त त्या कार्बन डायसल्फाइडने कामगाराचे मज्जातंतू झिजतात, डोकंही फिरतं. पण पाकिटावर छापायला पान बरं.

'पण झाड भराभर वाढतं हो!' वाढतं. याच लगद्यासाठी लावलेली निलगिरीही सहा-सात वर्षांत तोडणीला येते. मग? गाजरगवत त्याहून भराभर वाढतं. त्याला कुणी शाश्वत म्हटल्याचं ऐकलंय? केरळात मावूरच्या लगदा कारखान्याला सरकारने बांबू टनाला 1 रुपया दराने दिला होता. बांबू जंगलातून गेला, सांडपाणी चालियार नदीत गेलं, आणि 2001 साली कारखानाही गेला. तेव्हा बांबूला कुणी 'हरित' म्हणत नव्हतं, एवढाच काय तो प्रामाणिकपणा.

अमेरिकेच्या व्यापार आयोगाने बांबूच्या या व्हिस्कोसी सोंगाला सरळ 'रेयॉन' म्हणा असं बजावलं. ऐकतो कोण? 2022 मध्ये वॉलमार्ट आणि कोल्स या दुकानसाखळ्यांवर मिळून 55 लाख डॉलरच्या दंडाची पाळी आली. बांबू महागात पडला!

तक्रार झाडाबद्दल नाहीच. त्याच निलगिरीपासून लायोसेल नावाचा धागा करताना एनएमएमओ नावाचा विद्रावक वापरतात आणि त्यातला 99 टक्क्यांहून अधिक परत मिळवतात. सगळी मेख लगदा विरघळवतात त्या हौदात आहे. पण हौदाचा फोटो कोण छापणार? तिथेही जाहिरातीत पानच.

मी विक्रेत्याला विचारलं, 'लगदा कशात विरघळवलाय?' त्याने गंभीरपणे पाकीट उलटसुलट केलं.

'फ्री साइज आहे, साहेब.'