लोखंडाची भीती आणि आरशाचा मोह

गेल्या महिन्यात एक माजी विद्यार्थी भेटायला आला. आता अकरावीत आहे आणि दीड वर्षापासून बॉक्सिंग शिकतोय. त्याने विचारलं, "सर, मी वजनं उचलू की नको?"

त्याच्या घरात यावरून दोन तट पडले आहेत. आजोबा तालमीतले जुने पहिलवान. ते म्हणतात, "लोहा उठाया तो बदन जखड जाता." लोखंड उचललं की अंग आखडतं, हात जड होतो. मोठा भाऊ रोज संध्याकाळी जिमला जातो. दंड फुगल्याशिवाय ठोशात दम येत नाही, असं त्याचं म्हणणं.

मी भाषेचा शिक्षक आहे, कोच नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला. चार जाणत्यांना विचारलं, थोडं वाचलं. माझं मत असं झालं की बॉक्सरने वजनं उचलावीत. मात्र आजोबांची भीती जितकी चुकीची, तितकंच भावाचं कारणही चुकीचं.

आजोबांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मुहम्मद अलींच्या काळात अमेरिकेतले नामांकित प्रशिक्षकही हेच सांगत. पळा, दोरीवरच्या उड्या मारा, बॅगवर मेहनत करा, पण वजनांपासून लांब राहा. हा समज पुढे रिंगणातच मोडला. मायकेल स्पिंक्स हा हलक्या गटातला बॉक्सर. त्याने तयारीची जुनी पद्धत बदलली, वजनांचा सराव केला आणि 21 सप्टेंबर 1985 रोजी हेवीवेट लॅरी होम्सला हरवलं. इव्हँडर होलीफिल्डही खालच्या गटातून वर आला, वजनांच्या सरावाने अंग कमावलं आणि 1990 साली हेवीवेट जगज्जेता झाला. दोघांचेही हात जड झाले नव्हते.

आणि आपल्या तालमीत तरी वजन कुठे नव्हतं? मुद्गल आणि करेल फिरवणं, दगडी गोट्या उचलणं, गळ्यात दगडाचं कडं घालून बैठका मारणं, हा वजनांचाच सराव होता. लोखंडाच्या जागी लाकूड आणि दगड, एवढाच फरक. आपल्या मोंढ्यात जाऊन पाहा. पाठीवर पोतं घेऊन फळीवरून सरसर ट्रकमध्ये चढणारा हमाल कुणाला सुस्त वाटेल? वजनाने माणूस मंद होत नाही. नुसतीच वजनं उचलून खेळाचा सराव सोडला, तर मात्र होतो.

आता भावाचं म्हणणं. ठोसा दंडातून येतो, हा मोठा गैरसमज आहे. मागचा पाय जमीन दाबतो, कंबर फिरते, धड वळतं, खांदा पुढे येतो आणि शेवटी मूठ लागते. हात हा त्या साखळीचा शेवटचा दुवा. ज्याचे पाय आणि कंबर कच्ची, त्याने दंड कितीही फुगवले तरी ठोसा पोकळच राहतो. आरशासमोर मात्र दंड दिसतात, पाय दिसत नाहीत. म्हणून मुलं दंडांवरच मेहनत करतात.

दुसरी गोष्ट, बॉक्सिंग वजनगटांचा खेळ आहे. वाढलेल्या प्रत्येक किलोचा हिशेब काट्यावर द्यावा लागतो. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट अवघ्या 100 ग्रॅमने अंतिम लढतीला मुकली. ती कुस्ती होती, पण काट्याचा नियम इथेही तितकाच कठोर. स्नायू फुगवणं आणि ताकद वाढवणं ही दोन वेगळी कामं आहेत. जास्त वेळा उचलून, भरपूर खाऊन स्नायू फुगतात. जड वजन मोजक्या वेळा, मधे पुरेशी विश्रांती घेऊन उचललं, तर आहे त्याच स्नायूंकडून जास्त काम करून घ्यायला शरीर शिकतं. बॉक्सरला हे दुसरं हवं.

पण सोळा वर्षांच्या मुलाने जड वजनापासून सुरुवात करू नये. आधी स्वतःच्या शरीराचं वजन पेलायला शिकावं : जोर, बैठका, बारला लटकून अंग वर ओढणं. मग हलका बार घेऊन खांद्यावरच्या बैठका, जमिनीवरून उचलणं आणि ओढणं शिकावं. ढब पक्की झाल्यावरच वजन वाढवावं. आठवड्यातून दोन दिवस पुरे. लढत जवळ आली की कमी करावं. रमजानमध्ये रोज्याच्या उन्हात हट्ट नको. इफ्तारनंतर हलका सराव करावा. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या शेवटी दमावर लढल्या जातात. म्हणून पळणं आणि रिंगणातला सराव आधी, वजनं नंतर.

"वजनं उचलली की उंची खुंटते" असं अनेक पालक म्हणतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं स्पष्ट मत आहे की जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या सरावाने मुलांची वाढ खुंटत नाही. धोका आहे तो मोबाईलवरचा व्हिडिओ पाहून, कुणी बघणारं नसताना जड बार उचलण्यात.

मुलींच्या आयांना आणखी एक भीती असते, मुलगी मुलासारखी दिसेल ही. त्यांना मी निखत झरीनचं नाव सांगतो. आपल्या परभणीहून देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसलं की वाटेत निझामाबाद लागतं, ती तिथली. 2022 साली इस्तंबूलला 52 किलो गटात आणि 2023 साली दिल्लीत 50 किलो गटात ती जगज्जेती झाली. 2017 साली तिचा खांदा निखळला, शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभर तिला रिंगणाबाहेर राहावं लागलं. खांदा, पाठ, गुडघा यांच्याभोवतीचे स्नायू मजबूत ठेवणं हा वजनांच्या सरावाचा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. मुलींचे स्नायू मुलांसारखे सहज फुगतही नाहीत.

चेहऱ्यावर मारायचा खेळ खेळावा का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो स्वतंत्र विषय आहे. पण शरीर ही अमानत आहे, यावर कुणाचं दुमत नाही. माझा खरा राग आहे तो जिमच्या काउंटरवर पोरांच्या हाती दिल्या जाणाऱ्या डब्यांवर आणि इंजेक्शनांवर. डब्यात बंदी असलेलं द्रव्य निघालं, तर "मला माहीत नव्हतं" म्हणून खेळाडू सुटत नाही. डाळ, अंडी, दूध, घरचं मटण आणि पुरेशी झोप यांवर या वयात भागतं.

त्या मुलाला मी तीन गोष्टी सांगितल्या. वजनं उचल, पण आधी कोचला विचार आणि त्यांच्या नजरेखाली उचल. भावाला सांग की पायांवरही मेहनत कर. आणि फजरनंतर आजोबांसमोर बैठका मार, चुकलास तर ते टोकतील. बैठक कशी मारायची, हे त्यांच्याइतकं त्या जिममध्ये कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही.