उशाशी जागणारे दिवे



माण तालुक्यातली रात्र पूर्वी खरोखर काळी असायची. म्हसवड असो की दहिवडी, उन्हाळ्यात इशानंतर अंगणात अंथरूण पडले की वर चांदण्या आणि कोपऱ्यात एखादा कंदील, एवढाच उजेड. आज दिवा मालवला तरी खोलीत चार-पाच डोळे उघडेच असतात: राउटर, सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, डासांचे मशीन.

त्यांत निळा सर्वांत खुपतो. तेजस्वी निळा एलईडी 1990 च्या दशकात जपानमध्ये तयार झाला. त्यातूनच पुढे पांढरे बल्ब आले आणि 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल या शोधाला मिळाले. पण शरीराला ‘दिवस आहे’ असे कळवणाऱ्या डोळ्यांतल्या पेशी निळ्या उजेडालाच जास्त दाद देतात. ज्यांची झोप मुळातच हलकी, त्या वडीलधाऱ्यांना आणि तान्ह्या बाळांना याचा त्रास अधिक.

उपाय सोपे आहेत. टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स रिमोटने नव्हे, भिंतीवरच्या बटणाने बंद करावेत. दहा वॅटचे यंत्र रोज आठ तास बंद राहिले तर महिन्याला जवळपास अडीच युनिट वाचतात. राउटरच्या दिव्यावर वायरमनची काळी चिकटपट्टी लावावी. थोडा उजेड हवा असेल तर कागदी पट्टी पुरते. रिमोटचा सेन्सर आणि हवेच्या फटी मात्र झाकू नयेत.

एक चूक आमच्या घरात झाली, ती सांगते. अम्मींची झोप मोडते म्हणून मी इन्व्हर्टरचे सगळेच दिवे पट्टीने बुजवले. बॅटरी बिघडल्याचा लाल इशाराही त्याखाली गेला. रमजानमध्ये ऐन सेहरीला वीज गेली आणि घर मिट्ट काळोखात. चाचपडत निघालेल्या अम्मी उंबऱ्याला अडखळल्या. अल्लाहची कृपा, मुका मार लागला, हाड वाचले.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी झोपताना दिवे विझवायला सांगितले, ते उंदराने वात ओढून घर पेटू नये म्हणून. म्हणजे मुद्दा घरच्यांच्या सुरक्षिततेचा होता. तेव्हा इशारा देणारा दिवा झाकू नये, ते यंत्रच दुसऱ्या खोलीत हलवावे. आजारी माणसाच्या ऑक्सिजन मशीनच्या दिव्यांना तर हात लावू नये.

आता आमचा इन्व्हर्टर सोप्यात आहे. अम्मी फजरपर्यंत शांत झोपतात, अल्हम्दुलिल्लाह.