बेबीसिटरचा पगार

पहिल्या पानावर गुंडाळी वायरचा फोन दिसला की मी सावध होते. दुसऱ्या पानावर भाड्याची व्हिडिओ कॅसेट, तिसऱ्यावर पॉपकॉर्न, चौथ्यावर दातांना तारा लावलेली मैत्रीण. ‘बेबीसिटर संकटात’ या अमेरिकन भयकथेचा सध्या जो स्मरणरंजनी पुनर्जन्म चालू आहे, त्याचा हा मालमसाला. नुसती वाण्याची यादी! आणि नेमकी भीतीच लिहायची राहून गेलेली.

या कथांचे लेखक उठून 1980 च्या दशकातच का पळतात? मोबाइलमुळे. खिशात मोबाइल असलेल्या मुलीला एकटं पाडायचं तर डोकं चालवावं लागतं. त्यापेक्षा दशकच बदललेलं सोपं. गतकाळावरचं प्रेम म्हणून आपल्या गळ्यात जे मारतात, ती कथानकाची पळवाट आहे.

2006 चा ‘व्हेन अ स्ट्रेंजर कॉल्स’ घ्या. तो वर्तमानात घडतो, तर नायिकेने मोबाइलची मिनिटं बेसुमार उडवलेली, म्हणून फोन जप्त आणि पैसे फेडायला मूल सांभाळायची पाळी. इथवर ठीक. पण 1979 च्या मूळ चित्रपटाची पहिली वीसेक मिनिटं ताणून ताणून त्यांनी अख्खा सिनेमा केला, आणि मुळात वरच्या खोलीत मेलेली सापडणारी मुलं इथे जिवंत ठेवली. ज्या एका गोष्टीने प्रेक्षकाची झोप उडायची, तीच उपटून फेकली. मग उरलं काय? काचेचं मोठं घर आणि वाजणारा फोन.

या कथाप्रकाराचा मूळ ऐवज काय होता, ते बघा. जॉन कार्पेंटर आणि डेब्रा हिल यांच्या 1978 च्या ‘हॅलोवीन’चं आधीचं नावच ‘द बेबीसिटर मर्डर्स’ होतं. बजेट तीन-सव्वातीन लाख डॉलर. खुन्याचा मुखवटा म्हणजे नट विल्यम शॅटनरच्या चेहऱ्याचा, बाजारातून आणून पांढरा रंगवलेला. आणि नायिका लॉरी स्ट्रोड? ती छोट्या टॉमीला सांभाळत असते. समोरच्या घरातली मैत्रीण, मित्राला आणायला जायचं म्हणून, आपल्याकडची लिंडसीही तिच्याच गळ्यात टाकून जाते. एका मुलीच्या पगारात दोन मुलं! खुनी घरात शिरल्यावर ती विणायच्या सुईने लढते, कपाटातल्या हँगरने लढते, आणि संधी मिळताच दोन्ही पोरांना शेजाऱ्यांकडे पळवते. स्वतः मागे राहते.

या चित्रपटावर समीक्षकांनी कौमार्यमाहात्म्याची पोथीच रचली: कुमारी वाचते, बाकीच्या मरतात. थोतांड आहे हे. लॉरी वाचते, कारण ती कामावर आहे आणि तिचं लक्ष कामावर आहे. सुई तिच्या हाताशी का असते? मुलांजवळ जागत बसून ती विणकाम करत असते, म्हणून.

काम! हा शब्द या स्मरणरंजनी कथांमधून गायब आहे. अमेरिकेने मूल सांभाळणाऱ्या पोरीला कामगार मानायला मुळातच टाळाटाळ केली. किमान वेतनाचा कायदा 1938 चा. घरकामाला तो लागू व्हायला 1974 उजाडलं, आणि तेव्हाही अधूनमधून मूल सांभाळणाऱ्यांना त्यातून वगळलं. कायद्याने जिला मोजलं नाही, तिला आता लेखकही मोजत नाहीत. सोफ्याचा रंग मात्र परिच्छेदभर.

1950 साली मिसुरीतल्या कोलंबिया गावात तेरा वर्षांची अशीच एक मुलगी दुसऱ्याच्या घरी तीन वर्षांच्या मुलाला सांभाळत होती. तिने पोलिसांना फोन केला, पण पत्ता सांगण्याआधीच तो तुटला. मूल वाचलं. ती वाचली नाही, आणि खुनी कधीच सापडला नाही. ‘फोन घरातूनच येतोय’ या बेबीसिटरच्या दंतकथेमागे हाच खून असल्याचं सांगतात. जिच्या मरणावर एवढी दुकानदारी उभी राहिली, तिच्या वाट्याला कथेत निदान एक माणूस म्हणून जागा यावी, ही अपेक्षा फार आहे का?

गंमत अशी, की ज्याला विद्वान मंडळी रद्दी म्हणतात त्या किशोरांच्या भयकथा लिहिणाऱ्या आर. एल. स्टाइनला ही पोर कामावर आहे हे कळलं होतं. त्याच्या 1989 च्या ‘द बेबी-सिटर’मध्ये धमकीचे फोन कोण करतं? पोरीला कामावर ठेवणारा, त्या मुलाचा बाप. मालक! ज्या स्कॉलॅस्टिक प्रकाशनाने 1986 पासून ‘द बेबी-सिटर्स क्लब’मधून मुलींनी एकत्र येऊन धंदा कसा करावा हे विकलं, त्यानेच तीन वर्षांत त्याच वाचक मुलींना हे भयही विकलं. एका हाताने पंख, दुसऱ्या हाताने कात्री.

टी वेस्टच्या 2009 च्या ‘द हाउस ऑफ द डेव्हिल’मध्येही 1980 चं दशक आहे, फोन आहे, वॉकमन आहे. पण तिथली मुलगी त्या घरात थांबते ती खोलीचं भाडं भरायचं आहे म्हणून. सांभाळायला मूलच नाही हे तिथे गेल्यावर कळतं, तरी चारशे डॉलर ठरवून ती थांबते. मला तो आकडा ऐकूनच धस्स झालं. गरज माणसाला कुठे बसवते, ते त्या एका सौद्यात दिसतं. उलट 2017 चा नेटफ्लिक्सवरचा ‘द बेबीसिटर’ बघा: बारा वर्षांच्या पोराची सुंदर बेबीसिटर सैतानाच्या पंथाची म्होरकी निघते. पोरीला स्वतःची बाजूच नाही. आधी पोराच्या स्वप्नातली बाहुली, मग पोराच्या स्वप्नातली राक्षसीण.

तेव्हा पुढच्या लेखकाने फोन पिवळा होता की लाल, ते मला सांगू नये. मध्यरात्र उलटून गेल्यावर घरमालक पार्टीवरून परततो, तोंडाला दारूचा वास, पाकिटातून पैसे मोजतो, दोन नोटा कमी देतो आणि म्हणतो, चल, तुला घरी सोडतो. ती ‘नको’ म्हणू शकत नाही. पुढच्या शनिवारी तिला पुन्हा यायचं आहे. गाडीचं दार लागतं. तो रस्ता लिहा.