खाजणाचा बांध राखायचा कोणी?

#धागा #खाजण

गोव्यातील बांदिवडे येथे सापडलेल्या एका ताम्रपटात राजा अनिर्जितवर्मन् याने हस्त्यार्य नावाच्या ब्राह्मणास ‘खज्जन’ जमीन दान दिल्याची नोंद आहे. हा राजा मौर्य खरा, पण मगधाचा नव्हे, कोकणचा. लेख सहाव्या-सातव्या शतकातला मानला जातो. दानासोबत कामही नेमून दिले आहे: रान तोडावे, बांध घालून समुद्राचे खारे पाणी अडवावे आणि जमीन लागवडीस आणावी. आज ज्याला खाजण म्हणतात, त्याची व्याख्याच या दानात आली आहे. बांध असेल तोवरच ती जमीन.

हे समजण्यासाठी मांडवी आणि झुआरी या नद्यांची रचना पाहावी लागते. हिमयुग सरले, समुद्राची पातळी चढली आणि या नद्यांची मुखे पाण्याखाली गेली. त्यामुळे भरतीचे पाणी आजही कित्येक किलोमीटर आत शिरते. दोन्ही काठांवर साचलेला गाळ कांदळवनाने धरून ठेवला. मात्र भरतीच्या रेषेपेक्षा तो सखलच राहिला. माणसांनी शेती केली ती याच गाळावर. अशी जमीन गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर आहे.

बांध चिकणमातीचा, लाटांच्या माऱ्याला तोंड देणारी बाजू जांभ्या दगडाने बांधून काढलेली. त्याच्याही बाहेर कांदळाचा पट्टा मुद्दाम राखलेला, कारण लाट प्रथम तिथे मोडते. शेतकरी आणि कांदळवन हे जन्मजात वैरी, हा समज फार अलीकडचा आहे.

या रचनेचा प्राण म्हणजे बांधातले दार, मानस. तिच्या लाकडी फळ्या भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना बाहेर ढकलून वाट काढते. रात्री-अपरात्री कोणी उठून दार लावण्याची गरज नाही. आतल्या सखल भागात, म्हणजे पोयीत, पाणी साठते. पावसाळ्याच्या सरींनी मातीतले मीठ धुऊन निघाले की खारेपणा सोसणारे कोरगुट भात पेरायचे. ओहोटीच्या पाण्याबरोबर बाहेर निघणारी मासळी आणि कोळंबी मानशीला जाळे लावून धरायची. या मासेमारीच्या हक्काचा लिलाव होई आणि त्या उत्पन्नातून गावाच्या खर्चाबरोबर बांधाची डागडुजीही होई. अभियंत्याला मानशीचे कौतुक वाटेल, पण इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा तो हा हिशेब. बांधाचा खर्च बांधच भागवत होता.

पोर्तुगीजांनी १५१०मध्ये गोवा जिंकला. १५२६मध्ये अफोन्सो मेशिया याने गावसंस्थांचे रीतिरिवाज लेखी नोंदवून घेतले. राज्यकर्ते बदलले तरी गावकारी, म्हणजेच पुढची कोमुनिदाद, टिकली. बांधाची सामूहिक जबाबदारी तिच्याकडेच राहिली. तिचे उदात्तीकरण मात्र करू नये. गावकारीचा हक्क पुरुषांच्या वंशपरंपरेने चाले, आणि डोक्यावरून चिखल वाहणाऱ्या कष्टकऱ्यांना तिच्या बैठकीत स्थान नव्हते.

म्हणूनच गोवामुक्तीनंतर १९६४चा कूळ कायदा आणि कुळांना मालकी देणारी १९७६ची दुरुस्ती न्याय्यच होती. प्रश्न न्यायाचा नव्हे, बांधाचा होता. शेताचे तुकडे करून वाटणी करता येते. बांधाची येत नाही. एका ठिकाणी खिंडार पडले की मागचे सारे शिवार खारे होते. १९७५च्या नियमांनी कुळांवर संयुक्त जबाबदारी टाकून त्यांच्या संघटना उभ्या केल्या. कागदावर कोमुनिदादीचा वारस मिळाला. पण जुन्या संस्थेची जरब आणि दंड करण्याची ताकद त्याला क्वचितच लाभली.

त्याच काळात भातापेक्षा मासळी आणि कोळंबी कितीतरी किफायतशीर झाली. मानशीचा ठेका घेणाऱ्याला खारे पाणी आत हवे असते, शेतकऱ्याला बाहेर. फळ्या उघड्याच ठेवल्याच्या, प्रसंगी बांध हेतुपुरस्सर फोडल्याच्या तक्रारी गोव्यात नव्या नाहीत. एकदा मीठ मुरले की शेत पडीक राहते. पडीक शेतात कांदळ उगवतो, आणि कांदळाला १९९१पासून किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचे संरक्षण आहे. ते हवेच. पण परिणाम असा, की बांध फुटू देणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही, आणि शेत परत मिळवू पाहणारा शेतकरी कायद्याच्या कचाट्यात सापडतो.

२०११च्या अधिसूचनेने गोव्यातील खाजणांचे नकाशे करावेत, व्यवस्थापन आराखडा आखावा आणि तिथे विकासकामांना परवानगी देऊ नये, असे स्पष्ट म्हटले. बिल्डरांना रोखण्यासाठी ही मनाई मोलाची आहे. तिने इमारत थांबेल. खेकड्याने पाडलेले भोक मात्र बुजणार नाही. त्यासाठी पावसाळ्यापूर्वी कोणाला तरी चिखलात उतरावे लागते आणि त्या श्रमाचा मोबदला द्यावा लागतो. समुद्राची पातळी चढत असताना सरकारे काँक्रीटच्या भिंतींवर खर्च करतात. त्या पैशातला काही वाटा या चिखलासाठी वळवणे अधिक शहाणपणाचे आहे.

यासाठी नवी संस्था काढण्याचे कारण नाही. मानशीच्या लिलावाची रक्कम थेट बांधाच्या खात्यात जमा व्हावी. भात उभे असेपर्यंत मानशीचा ताबा शेतकऱ्यांकडे असावा. जाळे केवळ ओहोटीला लावावे. आणि जूनपूर्वी बांधाची पाहणी होऊन कुचराई करणाऱ्याचा ठेका रद्द व्हावा. दंड वसूल करण्याचे काम सरकारने करावे. बांध कुठे पाझरतो, हे शेतकऱ्यांना ठाऊक असते.