रत्नागिरीचा रिकामा रकाना



ज्या बहरीनमध्ये आपण पोटापाण्यासाठी येऊन राहिलो आहोत, त्या देशाची लोकसंख्या २०२० च्या गणनेनुसार १५,०१,६३५ आहे. आपल्यापैकी अनेकांचा जन्मजिल्हा असलेल्या रत्नागिरीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १६,१५,०६९ होती. माणसे जवळजवळ सारखीच. परंतु बहरीनचे क्षेत्रफळ आठशे चौरस किलोमीटरच्या आत, तर रत्नागिरीचे ८,२०८ चौरस किलोमीटर. दहापट भूमीचा जिल्हा सोडून या चिमुकल्या बेटांवर आपल्याला का यावे लागले?

उत्तर भूगोलात आहे, पण अर्धेच. मंडणगडपासून राजापूरपर्यंतचे नऊ तालुके सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये अडकलेले आहेत. पाऊस धो धो पडतो. पण जांभ्याच्या सड्यांवर तो ठरत नाही. वाशिष्ठी, शास्त्री या नद्या डोंगरातून निघतात आणि लगेच खाडीला मिळतात. उरलेले अर्धे उत्तर खोतीत आहे. जी थोडी पिकाऊ जमीन होती, ती खोताच्या मुठीत. या पद्धतीवर घाव घालण्यासाठी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, ते आधी पलटणीत गेले, मग मुंबईच्या गिरण्यांत आणि शेवटी आखातात.

२००१ मध्ये जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसे होती. दहा वर्षांत ती ८१ हजारांहून अधिक घटली. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. मी वैद्यकीय व्यवसायातला माणूस. हे आकडे मला रक्तस्राव होत असलेल्या रुग्णाच्या केसपेपरसारखे वाटतात. कमावते पुरुष बाहेर, घरात वृद्ध आणि स्त्रिया.

याच केसपेपरवर आणखी एक नोंद आहे आणि ती आपण स्वतःच्या हाताने चुकवली आहे. २०११ च्या गणनेत जिल्ह्यात बौद्धांचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. अनुसूचित जातींचे मात्र सुमारे ४ टक्केच. या ४ टक्क्यांत हिंदू चर्मकार बांधवांसारखे इतर समाजही आले. जिल्ह्यातील बौद्ध कुटुंबे बहुतांशी १९५६ नंतर धम्मात आलेली, पूर्वाश्रमीच्या अस्पृश्यांची. मग ही हजारो माणसे अनुसूचित जातींच्या रकान्यातून गेली कुठे? ती कुठेही गेली नाहीत. त्यांनी धर्म ‘बौद्ध’ सांगितला आणि जातीचा रकाना रिकामा ठेवला.

यामागे इतिहास आहे. १९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर अवघे अडीच हजार बौद्ध होते. १९६१ मध्ये ते २७,८९,५०१ झाले. जगाच्या इतिहासात असा रकाना क्वचितच भरला गेला असेल! परंतु केंद्राच्या सवलती त्या काळी बौद्धांना नव्हत्या. धम्म लिहावा तर सवलत जाते, सवलत घ्यावी तर धम्म लपवावा लागतो, अशी कोंडी चौतीस वर्षे राहिली. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात हिंदू आणि शीख यांच्याबरोबर बौद्धांचाही समावेश झाला आणि ही कोंडी फुटली. कायदा बदलला, आपली सवय बदलली नाही.

आपले काही विचारवंत म्हणतात, “जात सोडून आलो, ती पुन्हा का लिहायची?” मी त्यांना हसत नाही, कारण मीही त्यांच्यातलाच होतो. फेब्रुवारी २०११ मध्ये मी मनामाहून खेड तालुक्यातील माझ्या थोरल्या बंधूंना फोन केला आणि म्हणालो, “दादा, फक्त बौद्ध लिहा, जात सांगू नका.” मी डॉक्टर, शिकलेला, त्यांनी ऐकले. घरातील सात माणसे त्या रकान्यातून माझ्या शब्दाखातर वगळली गेली. त्या चुकीची जबाबदारी माझी आहे.

केसपेपरवर क्षयरोग लिहिला म्हणजे रुग्णाने क्षयाची पूजा केली असे होत नाही. न लिहिल्यास मात्र औषध मिळत नाही. धर्माचा रकाना ही आपली निष्ठा आहे. जातीचा रकाना हा आपल्यावर झालेल्या अन्यायाचा पुरावा आहे. पुरावा आपणच फाडून टाकला तर दावा कशाच्या बळावर लढणार? राज्यघटनेच्या २४३-ड कलमानुसार पंचायतींतील राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. सभागृह ५० जागांचे धरले तर ४ टक्क्यांना २ जागा, ७ टक्क्यांना साडेतीन. उपयोजनेचा निधीही अनुसूचित जातींच्या नोंदलेल्या संख्येकडे पाहूनच मागावा लागतो. ज्या वाडीची नोंदच नाही, तिच्या रस्त्यासाठी भांडायचे तरी कोणत्या आकड्यावर?

२०२१ ची जनगणना झालीच नाही. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख धरून ती घ्यायची ठरली असून तीत सर्वच जाती नोंदवल्या जाणार आहेत. आपण मात्र त्या गणनेत नसणार, कारण ती जिथे वास्तव्य तिथे मोजते. आणि येथे २०२० मध्ये आपण शासकीय नोंदींवरून मोजले गेलो. दारात येऊन आपल्याला कोणी काही विचारले नाही. गावाकडे प्रगणक येईल तेव्हा उत्तर देणारी बहुधा आपली वृद्ध आई असेल किंवा वहिनी.

म्हणून बांधवांनो, दर महिन्याला पैसे पाठवतो, तसा एक फोनही करा. धर्म: बौद्ध. अनुसूचित जात: होय. जातीचे नाव: अनुसूचीत छापले आहे तेच, ‘नवबौद्ध’ किंवा ‘दलित’ नव्हे. आणि प्रगणकाने काय लिहिले ते वाचून दाखवायला सांगा.

माझ्या दादांना मी फोन केला आहे. या वेळी ते हसून म्हणाले, “डॉक्टर, औषध बदललं वाटतं!” होय, बदलले. आधीचे औषध चुकीचे होते.

जय भीम! नमो बुद्धाय!